एसी लावून, एसी काढून

"एसी लावून बघितलास का?" मी कन्सोलच्या खोलीतून विचारलं.

"बघितलं मॅडम. लावला की डावीकडची भिंत जाते, काढला की खालची."

स्कॅन संपला होता, पण चित्र नीट आलंय याची खात्री होईपर्यंत काकांना आम्ही टेबलावरून उठवलं नव्हतं. दोन्ही हात डोक्यामागे घेऊन पडलेले काका तिथूनच म्हणाले, "राहू द्या ओ मॅडम, मला काय उकडत न्हाई."

आमच्या विभागात एसी म्हणजे अटेन्युएशन करेक्शन. मराठी पाठ्यपुस्तकात अटेन्युएशनला क्षीणन म्हणतात, पण कामावर हा शब्द मी कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. दिवसभर 'एसी लाव, एसी काढ' चालतं आणि पेशंट चादर गळ्यापर्यंत ओढून घेतात. त्या दिवशी काकांच्या बोलण्यावर आम्ही हसलो खरं, पण आमच्या धाकट्या टेक्नॉलॉजिस्टचं वाक्य हसण्यासारखं नव्हतं. हृदय एकच, कच्ची माहिती एकच, आणि दुरुस्ती करा किंवा करू नका, चित्रात भोक, म्हणजे फिकी जागा, आहेच. फक्त जागा बदलतेय. या एका वाक्यामागे आम्ही पुढे आठ महिने होतो.

मी डॉक्टर नाही. न्यूक्लिअर मेडिसिनची तंत्रज्ञ आहे, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये शिकले, आणि गेली बरीच वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात गॅमा कॅमेरा सांभाळते. हृदयाचा स्कॅन हे आमचं रोजचं काम. गावाकडे त्याला सगळे 'थॅलियम' म्हणतात, चिठ्ठीवरही तेच लिहून येतं. थॅलियम आम्ही कधीच सोडलंय, सगळं टेक्नेशियमवर चालतं. पण नाव काही सुटत नाही.

या स्कॅनमध्ये किरण बाहेरून आत जात नाहीत, ते पेशंटच्या आतून बाहेर येतात. टेक्नेशियम-९९एम जोडलेलं औषध शिरेतून दिलं की ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जाऊन बसतं. जिथे रक्त कमी पोचलं तिथे औषध कमी, म्हणजे चित्रात तेवढी जागा फिकी. हे सरळ झालं. वाकडं असं की १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे हे गॅमा किरण शरीरातून बाहेर येताना वाटेतच अडतात. पाणी किंवा मांस साडेचार सेंटीमीटर लागलं की निम्मे गळतात, नऊ सेंटीमीटरला पाव उरतात, साडेतेराला एक अष्टमांश.

आमच्याकडे सगळीकडे ऊस, त्यामुळे नवीन पोरांना मी उसावरूनच सांगते. रात्री फडात कुणीतरी बॅटरी घेऊन उभा आहे. बांधाजवळ असेल तर उजेड लख्ख दिसतो, दहा सऱ्या आत असेल तर मिणमिणता. बाहेर उभा असलेला म्हणणार, याच्या सेलचा जीव गेला. सेल ठणठणीत आहेत, ऊस दाट आहे. मध्ये किती सऱ्या आहेत हे कळल्याशिवाय सेलबद्दल काही बोलू नये. सऱ्या मोजून उजेडाचा हिशेब परत लावणं म्हणजे एसी.

हा हिशेब नसताना काय व्हायचं ते मी चांगलंच पाहिलंय. आमचा जुना कॅमेरा नुसता कॅमेरा होता, त्याला सीटी नव्हता. एकदा एक माजी पैलवान आले. छाती भरदार, आणि तालीम सुटल्यावर वाढलेलं पोट त्याहून भरदार. पोट वाढलं की श्वासपटल वर ढकललं जातं आणि हृदयाची खालची भिंत त्याच्या आडोशाला जाते. बायकांमध्ये स्तनांमुळे पुढची भिंत फिकी दिसते, पुरुषांमध्ये श्वासपटलामुळे खालची, हे आम्हाला पहिल्या वर्षात घोकून घेतलेलं. तरी पैलवानांच्या रिपोर्टात खालच्या भिंतीची शंका गेलीच. ती शंका घेऊन ते अँजिओग्राफीला गेले, खर्च झाला, तीन दिवस घरचे लोक टांगणीला. नळ्या स्वच्छ निघाल्या. आठवड्याने ते आमच्या दारात उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "काळजाला खालनं भोक हाय म्हनला हुतासा न्हवं?" त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या काळात आमच्या हातात तीन उपाय होते. पेशंटला पालथं झोपवून परत स्कॅन करायचा, म्हणजे श्वासपटल आणि हृदय थोडे लांब होतात. ईसीजीला जोडून हलतं चित्र घ्यायचं. फिकी दिसणारी भिंत जर ठोक्यागणिक जोरात आकुंचन पावत असेल तर ती मेलेली नाही, नुसती झाकलेली आहे. आणि तिसरा उपाय म्हणजे वाचणाऱ्या डॉक्टरांचे डोळे. चँग यांची १९७८ सालची गणिती पद्धत आम्हाला येत होती, पण ती सगळ्या आतल्या भागाची घनता एकसारखी धरते. डोक्याला ते चालून जातं. छातीत एका बाजूला यकृत, दुसऱ्या बाजूला हवेने भरलेलं फुप्फुस, मध्ये हाडं. सगळा फड एकाच लागणीचा धरून छातीचा हिशेब लागत नाही.

मग बरीच पत्रापत्री, समित्या आणि एक भिंत फोडून झाल्यावर सीटी जोडलेला नवा कॅमेरा आला. टेबल एकच. आधी कॅमेऱ्याची दोन डोकी सोळा मिनिटं पेशंटभोवती फिरतात, मग तेच टेबल पुढे सरकतं आणि काही सेकंदांत कमी डोसचा सीटी होतो. सीटी म्हणजे आमची सऱ्यांची मोजदाद. संगणक हृदयाचं एक कच्चं चित्र धरतो, ते सीटीने दाखवलेल्या दाट-विरळ भागातून बाहेर आणलं तर कॅमेऱ्याला काय दिसलं असतं ते काढतो, खऱ्या मोजणीशी ताडतो, फरकाप्रमाणे चित्र सुधारतो, आणि पुन्हा तेच करतो. ही गणितं वेगाने उरकण्याची युक्ती हडसन आणि लार्किन यांनी १९९४ मध्ये मांडली, आज जवळजवळ प्रत्येक यंत्रात ती किंवा तिची भावंडं आहेत. शिकवायला आलेला इंजिनिअर तीन दिवस राहिला आणि जाताना म्हणाला, "एसी का टेन्शन मत लो, ऑटोमॅटिक है."

पहिले काही आठवडे आम्ही खूश होतो. पोट सुटलेल्या पुरुषांच्या खालच्या भिंती भरून यायला लागल्या. पैलवानांना परत बोलवावं असं मला वाटून गेलं.

मग हृदयरोगतज्ज्ञांचा फोन आला. ओळीने तिसरा पेशंट, ज्याच्या डाव्या बाजूच्या भिंतीत आम्ही दोष दाखवला आणि अँजिओत काहीच निघालं नाही. सर चिडके नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "पूर्वी तुम्ही पुरुषांना खाली भोक पाडत होता. आता बाई-पुरुष भेद न करता सगळ्यांना डावीकडे पाडताय. प्रगती आहे."

मला टोमण्यापेक्षा दुसरी गोष्ट लागली. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्राकडे सगळे संशयाने बघायचे, त्यामुळे त्याची चूक बऱ्याचदा वाचतानाच पकडली जायची. नव्या चित्रावर 'करेक्टेड' असा शिक्का होता, आणि शिक्का असलेल्या चित्राला कुणी उलटा प्रश्न विचारत नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

शोध सुरू केला तो यंत्रापासून, कारण यंत्रावर संशय घेणं सोपं असतं. आमच्याकडे प्लॅस्टिकचा एक दंडगोल फँटम, म्हणजे पेशंटच्या जागी ठेवायचा नमुना, आहे, साधारण वीस-बावीस सेंटीमीटर रुंद. आम्ही त्याला पिंप म्हणतो. पिंपात पाणी भरायचं, टेक्नेशियम टाकायचं, हलवून एकजीव करायचं आणि आत अडकलेले बुडबुडे काढायचे. बुडबुडे काढणं हे खरं काम. पिंप तिरपं करून थोपटत, पोराला ढेकर काढतात तसं, अर्धा तास जातो. एसी न लावता चित्र काढलं तर मधोमध खळगा दिसतो, कारण मधल्या किरणांना दहा सेंटीमीटर पाणी ओलांडून यायचं असतं. एसी लावल्यावर खळगा भरून रेघ सपाट यायला हवी. आली. अगदी पट्टीने ओढल्यासारखी.

पुढे आकड्यांचं भाषांतर तपासलं. सीटीचे किरण सरासरीने सत्तरएक किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, आमचे १४० चे. सीटीला जे हाड फार दाट दिसतं ते आमच्या किरणांना तेवढं दाट नसतं. म्हणून सीटीचे आकडे एका पट्टीने नाही, दोन उतारांच्या पट्टीने बदलतात: हवेपासून पाण्यापर्यंत एक उतार, पाण्यापासून हाडापर्यंत दुसरा, कमी चढाचा. सीटीवरून बनलेल्या अडवणुकीच्या नकाशात पाण्याची जागा प्रति सेंटीमीटर ०.१५ दाखवत होती. हेही बरोबर. यंत्र पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास. पिंपाला फुप्फुसं नसतात, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग टेबलाचा नंबर. सीटीसाठी टेबल जास्त बाहेर सरकतं, आणि जास्त बाहेर आलेली फळी वजनाने जास्त वाकते, हे कुठल्याही जलतरण तलावावर दिसतं. पिंप हलकं, त्याच्याखाली टेबल वाकणार नाही. मग वॉर्डातल्या मामांना सांगून पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार जार आणवले, म्हणजे ऐंशी किलोचा पेशंट तयार. सिरिंजच्या सुयांच्या टोपणांत टेक्नेशियमचा एकेक थेंब आणि सीटीत दिसावं म्हणून थोडं कॉन्ट्रास्ट घालून ती टोपणं जारांवर चिकटवली. दोन्ही चित्रांत थेंब एकाच जागी दिसायला हवेत. दिसले नाहीत, काही मिलिमीटर खाली-वर होते. सर्व्हिस इंजिनिअरने येऊन ते सुधारलं. मामा मात्र आजही मला 'जारवाल्या मॅडम' म्हणतात.

फायदा झाला, पण थोडाच. डावीकडची भोकं फारशी कमी झाली नाहीत.

उत्तर सापडलं ते शोधताना नाही. त्या दिवशी गर्दी होती, एका मावशींचा खांदा धरलेला, हात वर जाईना. मी आत जाऊन त्यांचं कोपर उशीवर टेकवत होते. सोळा मिनिटांचा भाग झाला, टेबल सीटीकडे सरकायला लागलं, मी बाहेर पडायला वळले आणि छताजवळच्या स्पीकरमधून एक अतिशय शिष्ट बाईचा आवाज आला: "गहरी साँस लीजिए... रोकिए."

मावशींनी डोळे मिटले, मन लावून छाती भरून श्वास घेतला आणि रोखला.

मी दारातच थांबले. सीटीची ही कार्यपद्धत छातीच्या नेहमीच्या सीटीवरून उचललेली होती, आणि तिच्याबरोबर रेकॉर्ड केलेला हा आवाजही आला होता. छातीच्या सीटीला तो बरोबरच आहे, फुप्फुस फुगलेलं असेल तर नीट दिसतं. पण आमचं हृदयाचं चित्र सोळा मिनिटं साध्या, उथळ श्वासात घेतलेलं असतं. साध्या श्वासात श्वासपटल एखाद-दोन सेंटीमीटर खाली-वर होतं. छाती भरून घेतलेल्या श्वासात ते त्याच्या कितीतरी पट खाली जातं, हृदयाला ओढून लांबट करतं, आणि हृदयाची डावी कड जिथे होती तिथे फुगलेलं फुप्फुस येऊन बसतं. म्हणजे आम्ही दोन वेगळ्या माणसांची चित्रं एकमेकांवर ठेवत होतो, एक दुपारी पडलेला, दुसरा विहिरीत सूर मारायच्या तयारीतला.

हिशेब मी त्याच रात्री वहीत केला. हृदयाच्या भिंतीच्या जागी नकाशात फुप्फुस आलं, तर संगणक तिथली अडवणूक पाव धरतो. दोन सेंटीमीटर वाटेत असं झालं तरी त्या दिशेच्या किरणांची दुरुस्ती सुमारे २० टक्क्यांनी कमी पडते. डावी भिंत फिकी दिसायला तेवढं पुरतं. गणिताने आपलं काम इमानदारीत केलं होतं. त्याला सांगितलं फुप्फुस आहे, त्याने फुप्फुसाचा हिशेब लावला.

आठ महिने आम्ही काचेच्या अलीकडे बसून होतो आणि कन्सोलच्या खोलीत तो आवाज ऐकू यायचा नाही. कुणाचीच चूक म्हणता येत नाही, म्हणून जास्त राग येतो.

आवाज बंद केला. आता पेशंटला आम्हीच काहीतरी सांगायचं ठरलं, आणि तिथे माझी भाषेची परीक्षा झाली. पहिल्यांदा आम्ही म्हणायचो, "काका, श्वास रोखू नका." सीटीच्या घरघरीत काकांना 'श्वास रोखू' एवढंच ऐकू जायचं आणि ते रोखायचे. मग बदललं: "नेहमीसारखा श्वास घ्या." घ्या म्हटल्यावर माणूस घेतोच, आणि आज्ञा पाळायची म्हणून नेहमीपेक्षा जोरात घेतो. "श्वासाकडे लक्ष देऊ नका" हे तर सगळ्यात वाईट, त्यानंतर पेशंटला दुसरं काही सुचतच नाही. शेवटी श्वास हा शब्दच काढून टाकला. आता आम्ही सांगतो, "काका, दुपारी जेवून घरी पडता ना, तसं पडून राहायचं. टेबल जरा सरकेल, आवाज होईल, तुम्ही पडूनच." बायकांना हे सांगताना धाकट्याने एकदा मार खाल्ला असता. एक मावशी फणकारल्या, "दुपारी पडायला मिळतंय कुणाला?" त्यांच्यासाठी 'एसटीत खिडकीशी बसल्यासारखं' असं वेगळं वाक्य आहे.

सीटीही थोडा सावकाश केला, म्हणजे एखाद्या क्षणाचा श्वास पकडला जाण्याऐवजी श्वासांची सरासरी येते. चित्र किंचित पुसट येतं. आम्हाला सीटीतून निदान करायचं नाही, नकाशा हवा, त्यामुळे पुसटपणा चालतो.

एका सुट्टीच्या दिवशी मी स्वतः टेबलावर पडले. औषध नाही, सीटी नाही, नुसती कॅमेऱ्याची डोकी फिरवायची. त्यातून कसलेही किरण निघत नाहीत. हात डोक्यामागे, सोळा मिनिटं. सातव्या मिनिटाला उजवा खांदा ठणकायला लागला, दहाव्या मिनिटाला मी दात आवळून वरच्या वर श्वास घेत होते, शेवटी एकदा खांदा हळूच सरकवला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, मधुमेहाने खांदे धरलेल्या माणसाला मी रोज 'हलू नका हं' म्हणते. त्यानंतर कोपरांखाली उशा, गुडघ्यांखाली लोड आणि पायांवर चादर आली. तुम्ही म्हणाल याचा क्षीणनाशी काय संबंध. दुखणाऱ्या माणसाचा श्वास सुरुवातीला एक असतो आणि शेवटी दुसरा, आणि सीटी शेवटी होतो.

ट्रेडमिलवरून उतरल्या उतरल्या स्कॅन न करण्याची शिस्त आमच्याकडे आधीपासून होती. धाप लागलेली असते, मग श्वास शांत होत जातो तसं हृदय स्कॅन चालू असतानाच वर सरकत जातं. टेक्नेशियमचं औषध स्नायूत टिकून राहतं, त्यामुळे तासभर थांबायला हरकत नसते. खऱ्या थॅलियमला ही चैन नव्हती, ते जागा बदलतं, त्याला लगेच गाठावं लागायचं.

आणखी एक सवय मोडावी लागली. स्ट्रेस (ट्रेडमिलने किंवा औषधाने हृदयाला ताण दिल्यावर) आणि विश्रांती असे दोन स्कॅन होतात, आणि डोस वाचवायला एकाचा सीटी दुसऱ्याला वापरण्याची कल्पना आमच्याकडे एकदा निघाली होती. मीच आरएसओ, म्हणजे किरणसुरक्षा अधिकारी, त्यामुळे डोस वाचवण्याची कल्पना मला गोड लागणारच. पण माणूस टेबलावर दुसऱ्यांदा पहिल्यासारखा पडत नाही. दोन्हीला आपापला नकाशा.

यकृताबद्दल लिहिलं नाही तर आमचे डॉक्टर ओरडतील. हृदयाच्या लगेच खाली यकृत, आणि आमचं औषध यकृतातून आतड्यात जातं. स्कॅनच्या वेळी यकृत तापलेल्या तव्यासारखं चमकत असतं. तिथून निघालेले किरण वाटेत आदळून दिशा बदलतात. ४५ अंशांत वळलेल्या किरणाची ऊर्जा १४० वरून १३० पर्यंतच उतरते, आणि कॅमेऱ्याची खिडकी १२६ ते १५४ पर्यंत उघडी असते. म्हणजे वाट चुकलेला पाहुणाही आत येतो आणि खालच्या भिंतीच्या पानावर जेवतो. एसी लावला की हिशेबात खालच्या भिंतीला आधीच जास्त भरपाई मिळते, त्यात हे उपरे. खालची भिंत इतकी उजळते की तिच्यापुढे बाकीच्या भिंती आजारी दिसाव्यात. त्यावर उपाय म्हणजे मुख्य खिडकीच्या बाजूला आणखी अरुंद खिडक्या उघडून वळलेल्या किरणांचा अंदाज घ्यायचा आणि वजा करायचा. आमच्या यंत्रात ही सोय होती, फक्त आधी कुणी चालू केली नव्हती.

यंत्राबाहेरचा उपाय जुनाच. इंजेक्शननंतर पेशंटला स्निग्ध काहीतरी खायला घालायचं, यकृत लवकर रिकामं व्हावं म्हणून. बन-मस्का, सायीचं दूध, ऑम्लेट. एकादशीला एका आजींनी विचारलं, उपास आहे, साबुदाण्याची खिचडी चालेल का? तूप आणि शेंगदाण्याचा कूट धरला तर आमच्या यादीतल्या कशालाही ती हार जाणार नाही. चालेल म्हटलं. कॅमेऱ्याखाली जाण्यापूर्वी दोन पेले गार पाणी मात्र सगळ्यांना. चहाचा प्रश्न वेगळा. औषधाने स्ट्रेस द्यायचा असेल तर आदल्या दिवसापासून चहा बंद, कारण कॅफीन त्या औषधाचा परिणाम मारतं. माणसं भाकरी सोडतील, चहा सोडत नाहीत. 'घोटभरच घेतला' या उत्तरासाठी आम्ही किती तपासण्या पुढे ढकलल्या याची मोजदाद नाही.

एवढं करूनही हृदय आणि सीटी दर वेळी तंतोतंत जुळत नाहीत. मग प्रोग्रॅममध्ये जाऊन हाताने जुळवता येतं. हृदयाचं रंगीत चित्र सीटीच्या राखाडी चित्रावर ठेवायचं आणि माउसने सरकवायचं. आमचा एक पिक्सेल साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, आणि एका पिक्सेलच्या चुकीनेही भिंतीचा रंग बदलू शकतो.

या सगळ्या कामात मला खरी भीती वाटली ती इथे. डावी भिंत फिकी दिसतेय, एक पिक्सेल उजवीकडे, थोडी भरली. अजून एक, आणखी भरली. कुठे थांबायचं? भिंत छान दिसेपर्यंत सरकवलं तर मी चित्र जुळवत नाही, रोग पुसतेय. आणि हाताला ते कळत नाही. हाताला वाटतं आपण दुरुस्तीच करतोय. तीन खोट्या अँजिओंचा मार ताजा असताना तर हात भिंत भरून काढण्याकडेच झुकतो.

म्हणून आम्ही आपल्यापुरता नियम केला. जुळवताना एसी लावलेलं चित्र उघडायचंच नाही. फक्त हृदयाची बाहेरची कड आणि सीटीतली हृदयाची सावली बघायची. एकाने जुळवायचं, दुसऱ्याने न बघता परत जुळवायचं, दोघांत एका पिक्सेलपेक्षा जास्त फरक आला तर तिसरा. किती सरकवलं ते वहीत लिहायचं आणि मगच चित्र काढायचं. एकदाच. चित्र बघून परत सरकवायला बंदी. आणि जिथे सरकवण्यापलीकडे गडबड आहे, तिथे पेशंट टेबलावर असतानाच सीटी परत, किंवा रिपोर्टात स्पष्ट लिहायचं की एसी विश्वासाचा नाही. डॉक्टरांकडे आता दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी जातात, एसी लावलेलं आणि काढलेलं, हलत्या चित्रासकट. त्यांनाही डोळे नव्याने तयार करावे लागले. एसी लावल्यावर हृदयाचं टोक बऱ्याच निरोगी माणसांतही थोडं फिकं दिसतं, तिथे स्नायूच पातळ असतो. सुरुवातीला तेही रोग म्हणून वाचलं जायचं.

सरांचे फोन कमी झाले. बंद झाले असं नाही. स्टीलच्या तारांनी शिवलेली छाती, पेसमेकरच्या वायरी, हात खालीच ठेवावा लागल्याने सीटीच्या कडेबाहेर कापला गेलेला दंड, असं काही ना काही आठवड्याला येतंच.

मागच्या पावसाळ्यात एक शिक्षक आले. सडपातळ, पोट नाही, कुठे काही झाकण्यासारखं नाही. स्ट्रेसच्या चित्रात पुढची भिंत आणि टोकाकडचा भाग फिका, एसी लावून आणि काढून, दोन्हीकडे. वहीत दोघांचीही जुळवणी शून्य पिक्सेल, सीटी नेमका बसलेला. विश्रांतीच्या चित्रात तीच भिंत भरलेली. धाकटा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. गुरुजी त्याच्याच शाळेतले, त्याला गणित शिकवलेले.

"मॅडम, एक पिक्सेल सरकवून बघू? फक्त बघायला."

"नको."

त्याने माउस सोडला. रिपोर्ट गेला, दुसऱ्या दिवशी अँजिओ झाली आणि पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीत स्टेंट पडला. चार दिवसांनी गुरुजी काठी न घेता चालत आमच्याकडे सीडी न्यायला आले. धाकट्याला म्हणाले, "त्या दिवशी एवढा वेळ काय बघत होतास रे? गणित चुकलं होतं का?"

"नाही सर," तो म्हणाला, "ताळा करत होतो."